शिरूरचे सगळे

कासुर्डीजवळ हायवेच्या कडेनं एक तरुण मोटारसायकल ढकलत चालला होता. पाठीवर लॅपटॉपची बॅग, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि घामानं त्या इस्त्रीची पार वाट लागलेली. सायलीनं स्कूटी थांबवली.

"पेट्रोल संपलं?"

"न्हाई. हिला फिरायला आणलंय."

आता अशा माणसाला लिफ्ट द्यायची नाही तर कुणाला? मोटारसायकल ढाब्यावर लावून तो मागं बसला, मध्ये बॅग ठेवून, अगदी सभ्यपणे. आणि बसल्या बसल्या जे तोंड सुरू झालं...

"यवतला पोपटरावांकडं चाललोय. जमिनीत पैसे गुंतवून देतात बघा, ते. त्यांना गिऱ्हाइकं सांभाळायचं सॉफ्टवेअर पाहिजे. पण त्यांची पोरगी लई खडूस हाय म्हणं. दोन कंपन्यांची माणसं चहासुद्धा न पाजता लावून दिली."

"चहा पाजला होता," सायली म्हणाली.

"आं? तुम्हाला कसं म्हाईत?"

स्कूटी पोपटरावांच्या ऑफिससमोर थांबली. सायलीनं हेल्मेट काढलं, पर्समधून किल्ली काढली आणि शटर वर केलं. "या. ती खडूस पोरगी मीच. चहा घेणार?"

त्या तरुणाचं, म्हणजे नवनाथचं, उघडं पडलेलं तोंड चहा आल्यावरच मिटलं.

पोपटरावांचा धंदा साधा होता. पाच-पन्नास शेतकऱ्यांचे पैसे एकत्र करायचे, शिरूर-दौंडकडं जमीन घ्यायची, प्लॉट पाडायचे, विकायचे. पण ही सगळी माणसं राहायची पोपटरावांच्या तीन मोबाइलमध्ये आणि त्यांच्या डोक्यात. डोकं हल्ली दगा देत होतं. पाटसच्या एका जुन्या माणसाला फोन करायचा राहिला, आणि तो रागावून दुसरीकडं गेला. तेव्हा पोपटराव लेकीला म्हणाले होते, "सॉफ्टवेअर तू निवड. पाडव्यापर्यंत चालवून दाखव. जमलं तर ऑफिस तुझं. पण तुझ्या हातनं एक जरी गिऱ्हाईक बिथरलं, तर किल्ली पप्पूकडं."

पप्पू म्हणजे चुलतभाऊ. त्याच्या हातात किल्ली गेली की आपण घरात, आणि घरात म्हणजे पाहुण्यांपुढं पोह्यांची ताटली घेऊन... हे सायलीला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तिनं नवनाथचं सॉफ्टवेअर आधी महिनाभर फुकट चालवून बघायचं ठरवलं. तो येऊन शेजारी बसायचा, आणि मोबाइलमधली नावं कॉम्प्युटरवर चढायची. साहेबराव शिरूर, ज्ञानू कासुर्डी, आप्पा पाटस... इकडं माणसाच्या नावापुढं गाव लागतं, आडनाव कोण विचारतो?

"तुमच्या मोबाइलमध्ये मला काय नावानं ठेवलंय?" त्यानं एकदा विचारलं.

"नवनाथ शिरूर."

"बस? एवढंच?"

"अजून काय पाहिजे?"

"न्हाई... पुढं जागा रिकामी दिसली, म्हणून विचारलं."

सायलीनं मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून.

खरं तर तिला हसवायला तो एवढं बोललाच नसता तरी चाललं असतं. तो विकायला आला होता, आणि वर सांगत होता, "ह्या कामात पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आमच्यापेक्षा बरं हाय, मॅडम. ते बी बघून घ्या." असा खुळा विक्रेता तिनं जन्मात पाहिला नव्हता. तो जायचा आणि ऑफिस एकदम मोठं वाटायला लागायचं. सायली प्रेमात पडली होती. आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही.

पण हे त्याला सांगायचं कसं? तिनं शक्कल लढवली. सॉफ्टवेअरमधूनच मेसेज टाकायचा! त्याला रुचलं नाही, तर 'ट्रायल होती हो' म्हणून हात झटकता येतील. दुपारी एकटी असताना तिनं लिहिलं — 'तुम्ही मला आवडता. रविवारी सकाळी कासुर्डीच्या गुऱ्हाळावर रस प्यायला या. — सायली.' शोधायच्या जागी 'शिरूर' टाकलं, सगळ्यात वरच्या चौकोनात खूण केली, आणि डोळे मिटून बटण दाबलं.

त्या वरच्या चौकोनाचा अर्थ 'सगळे' असा होतो, हे नवनाथनं तिला दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा ती त्याच्या बोटांकडं बघत होती.

पहिलं उत्तर साहेबरावांचं आलं. 'ताई, मी सत्तरी ओलांडली. तरी विचारलंत, बरं वाटलं.'

सायलीनं ते दोनदा वाचलं.

दुसरं — 'आवडतो म्हंजी प्लॉटचा भाव कमी करणार का?' तिसरं — 'मोबाइल ज्यांचा, मी त्यांची मंडळी बोलते. रविवारी दोघं येतो. मग बघते कोण आवडतंय.'

तिनं यादी वर-खाली केली. शिरूरचे सगळे होते. फक्त नवनाथ नव्हता! 'मी कुठं गिऱ्हाईक हाय?' म्हणत त्यानं आपलं नाव सॉफ्टवेअरमधून पहिल्याच दिवशी काढून टाकलं होतं. म्हणजे अख्ख्या शिरूरला कळलं होतं, ज्याला कळायचं होतं तो सोडून.

तेवढ्यात पोपटराव दारात उभे. तिन्ही मोबाइल वाजत होते.

"चूक सॉफ्टवेअरची असंल, तर ते काढून टाक," ते हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले नाहीत, याचीच तिला जास्त धास्ती वाटली. "तुझी असंल, तर किल्ली पप्पूकडं. रविवारी काय ते सांग. बोलावलंयस, तर आता रस तरी पाजू."

रविवारी गुऱ्हाळावर ही गर्दी! काहिलीत गूळ रटरटत होता, गोड वाफेनं डोळे चुरचुरत होते, आणि जिपा येतच होत्या. त्यातल्या एकीतून नवनाथ उतरला, पांढराफटक. मागून केसांना ताजा कलप लावलेले त्याचे जालिंदरमामा.

"मामा बी तुमच्या यादीत हायेत. त्यांना तुमचा मेसेज आलाय," तो तिला बाजूला घेऊन कुजबुजला. "तवापासनं आरशासमोरनं हलत न्हाईत... मॅडम, मी सांगतो पोपटरावांना, चूक आमच्या सॉफ्टवेअरची हाय."

"मग तुमचा सौदा जाईल. नोकरीवरही येईल."

"जाऊ दे. तुमचं ऑफिस राहिलं पाहिजे."

सायली वळली आणि सरळ वडिलांपुढं जाऊन उभी राहिली. "आबा, सॉफ्टवेअर चांगलं आहे. चूक माझी. मेसेज एकट्या नवनाथसाठी होता."

नवनाथच्या हातातला ग्लास खाली पडला. जालिंदरमामांचा चेहरा उतरला. पोपटराव बघतच राहिले, आधी लेकीकडं, मग नवनाथकडं, मग पुन्हा लेकीकडं.

शेवटी साहेबरावांनी मिशीवरचा फेस पुसला. "पोपटराव, वरसं झाली तुमचे मेसेज येतात. मी एक बी उघडत न्हाई. ह्यो उघडला, आन् शिरूरवरनं आलोय. आता आलोच हाय, तर प्लॉट दाखवा."

"आमाला बी," 'मंडळी' म्हणाल्या. नवऱ्याचा दंड त्यांनी अजून सोडला नव्हता.

पोपटरावांनी एक मोठा श्वास घेतला. "गिऱ्हाईक बिथरलेलं तर एक बी दिसत न्हाई," ते पुटपुटले. "किल्ली राहू दे तुझ्याकडं. आन् ओ... नवनाथ! रस सांडलात, दुसरा घ्या. मग बसू बोलत."

चरकाच्या मागं, उसाच्या मोळ्यांआड, नवनाथला अखेर शब्द सापडले. "मला बी तुम्ही... त्या स्कूटीवरच... शटर वर केलं ना, तवाच." एवढा बोलका माणूस, पण इथं येऊन अडकला. "पण मॅडम, मला मेसेज मिळालाच न्हाई."

सायलीनं मोबाइल काढला. त्याचं नाव उघडलं, पुढचं 'शिरूर' पुसलं, आणि त्या रिकाम्या जागेत काहीतरी लिहून मोबाइल त्याच्यापुढं धरला.

'नवनाथ आमचे.'

तो कानापर्यंत लाल झाला. मग एकदम घाबरून त्यानं तिचा हात धरला.

"थांबा! हे कुणाकुणाला चाललंय, ते आधी बघा..."

"कुणालाच नाही," सायली म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.