न थांबलेला सर्व्हर

"ह्यांनी काही केलं नाही हो," शेवंता वाघमारे रडत म्हणाली.

पहाडगंजमधल्या आपल्या ऑफिसात खासगी गुप्तहेर प्रभा रणदिवे ऐकत होत्या. साल २००१. शेवंताचा नवरा हरिदास गुडगावच्या एका इंटरनेट कंपनीत मशीनची खोली सांभाळायचा. तिथल्या नेम सर्व्हरने, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या मशीनने, एका बँकेची गिऱ्हाइकं नकली साइटवर पाठवली होती. मशीनमधल्या नोंदी पुसलेल्या. खोलीला कुलूप आणि किल्ली एकट्या हरिदासकडे. पोलिसांनी त्यालाच उचललं.

कंपनीच्या काचेच्या नव्याकोऱ्या इमारतीत मॅनेजर अविनाश भेटले. "नेम सर्व्हरचा हा प्रोग्राम दिवाळीपासून एक सेकंद थांबला नाही, मॅडम! अमेरिकन क्लायंटला आम्ही हेच दाखवतो." पडद्यावरचा सलग चालू असलेल्या दिवसांचा आकडाही तेच सांगत होता.

इंजिनिअर क्षिप्रा खाली बघत म्हणाली, "प्रोग्राममध्ये खोट आहे, अशी सूचना दिवाळीनंतर, जानेवारीत आली होती. दुरुस्त प्रोग्राम मी लगेच टाकला, बिल्कुल वेळेवर."

प्रभाताईंचे डोळे चमकले. "शांताराम, सगळ्यांना इथे बोलव."

त्यांचा सहकारी शांताराम चाचरला. "आधी पोलिसांना आणू या ना, ताई?"

"तुला काय कळतंय!" श्रोते जमवून उलगडा करायची बाईंना भारी हौस होती.

शेवंतासकट सगळे मशीनपाशी जमले.

"किल्लीची गरजच पडली नाही," प्रभाताईंनी सुरुवात केली. "नेम सर्व्हरला जगातून कुणीही प्रश्न विचारू शकतो. या जुन्या प्रोग्रामला मुद्दाम रचलेला प्रश्न पाठवला, की तो प्रश्नात दडवलेल्या आज्ञाच पाळू लागतो. चोर असा घरबसल्या आत शिरला."

"पण दुरुस्ती झाली होती ना?" शांतारामने विचारलं.

"नुसती टाकून ठेवली होती. चालता प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू केल्याशिवाय ती लागू होत नाही. आणि हा तर दिवाळीपासून थांबलेलाच नाही! का थांबवला नाहीस, क्षिप्रा?"

"सरांनी मनाई केली," ती पुटपुटली.

"म्हणजे हरिदास निर्दोष. पुरावा समोरच्या पडद्यावर आहे."

अविनाश पुढे झाले आणि त्यांनी मशीनचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्यांनी ते पुन्हा दाबलं. पडदा उजळला, तेव्हा दिवसांचा आकडा शून्य झाला होता.

"आता दुरुस्त प्रोग्राम चालू आहे," ते थंडपणे म्हणाले. "जानेवारीपासून हाच चालू होता. हो ना, क्षिप्रा?"

क्षिप्राला नोकरी हवी होती. "जी, सर."

शेवंताने प्रभाताईंचा हात धरला. "ताई, तुम्ही सगळं शोधून काढलंत. आता सुटतील ना हे?"

"नाही गं," प्रभाताई कशाबशा म्हणाल्या. "सुटला असता. माझ्या बडबडीने घालवला मी त्याला."