रिकामा टोप

तीन वर्षांच्या पोरांच्या डोक्यावर टोप चढवलात आणि त्यांच्या जन्माचा निकाल लावून मोकळे झालात. कोणी विचारलं की तुमचं एकच उत्तर: आम्ही काय करणार, यंत्र सांगतं. आता यंत्र काय सांगतं ते ऐका.

मतिमापन आयोगाला पंचवीस वर्षं होणार म्हणून प्रदर्शन भरायचं होतं. त्यासाठी खाडीपलीकडच्या केंद्रातलं जुनं मतिमापक प्रयोगशाळेत आणलं. मुलाला टोप घालायचा, मेंदूतल्या विद्युतलहरी मोजायच्या, पडद्यावर बुद्ध्यंक उमटतो. शंभराच्या वर उच्चशाळा, खाली श्रमशाळा. डॉ. मिताली बनकरला याच यंत्राने एकशे एकतीस दिले होते. तिची जुळी बहीण चैताली, तोंडावळा तोच, रक्त तेच, तिला चौऱ्याऐंशी. मिताली मेंदूतज्ज्ञ झाली. चैताली गोदामात खोकी भरते.

एकसारख्या जुळ्यांत एवढा फरक कसा? गर्भात एकीला रक्त कमी पोचलं असावं, असा आयोगाचा खुलासा होता. तेव्हापासून त्यांची आई स्वतःलाच विचारत राहिली, आपण कुठल्या कुशीवर झोपत होतो. चैताली तिला चिडवायची, "आई, तू झोपलीस आणि मी ढ झाले." आई हसायची नाही.

यंत्रतज्ज्ञ डॉ. दिगंबर खोत यांनी वीज जोडली. टोप टेबलावर रिकामाच पडला होता. पडद्यावर आकडा आला: एकशे बारा.

"सर, आत कुणाचं डोकं नाहीये," मिताली म्हणाली.

"दिसतंय मला." खोतांनी पुन्हा चालवून पाहिलं. सत्त्याण्णव.

यंत्राच्या मागच्या झाकणावर आयोगाचं सील होतं, जसंच्या तसं. खोतांनी ते कापलं. आतली कळ 'सराव'वर होती. कर्मचाऱ्यांना शिकवण्यापुरती ती सोय, त्यांनी सांगितलं. तेव्हा यंत्र काहीच मोजत नाही, खरे वाटतील असे आकडे मनाने काढतं. सरासरी शंभरच येते, म्हणून कुणाला शंका आली नाही. उद्घाटनाचं प्रात्यक्षिक सरावावर झालं, आणि कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून कळ न बदलताच लगेच सील ठोकलं.

"पण याच केंद्राची भाकितं सगळ्यात अचूक ठरली," मिताली म्हणाली. "मुलं आकड्याप्रमाणेच निघाली. आयोग हाच पुरावा दाखवतो."

"निघणारच. आकडा बघूनच शाळा दिली, शिक्षक दिले. ज्याला दिले नाहीत तो ढ निघाला."

"मग बाकीची यंत्रं? ज्यांची कळ बरोबर आहे ती?"

"त्यांची भाकितं या रिकाम्या टोपाच्याही मागे आहेत," खोत म्हणाले. " मग ती काय मोजतात?"

मितालीला आपल्याच डोक्याची भीती वाटायला लागली. एकशे एकतीस काढून घेतले तर आत काय उरतं, तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दोघं ते सील घेऊन तुमच्या दालनात आली. त्यावर सही तुमची आहे. तुम्ही म्हणालात, एखादं यंत्र चुकतं, हे बाहेर गेलं तर लोकांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल, चौकशी नेमू. मितालीने आईला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन तुमच्यापुढे सरकवला.

"हॅलो? जेवलीस का गं?"

"आई, आयोगाचे अध्यक्ष समोर बसलेत. तुला जे विचारायचंय ते त्यांना विचार."

आई म्हणाली, "साहेब, मी कुठल्या कुशीवर झोपायला हवं होतं?"

ती थांबली आहे. फोन चालू आहे. बोला.