पलीकडून बोलावलेली

लाओसमधल्या ताखेकमध्ये घर बांधायचं तर लोक आधी अँटेनाचा बांबू बघतात, मग वासे. थट्टेनं म्हणतात, पण खोटं नाही. नदीकाठच्या प्रत्येक छपरावरची अँटेना मेकाँगपलीकडे, थायलंडकडे तोंड करून उभी. आपल्या लाओ वाहिनीवर सभा आणि भाषणं, पलीकडे मालिका. मग इकडे कोण बघतंय? पोरींच्या केसांची वळणं पलीकडची, लग्नातली गाणी पलीकडची, भांडणातले टोमणेसुद्धा पलीकडचेच.

बुआवानची काठावर शेवयांच्या सूपची गाडी होती. नवरा गेल्यावर एकुलत्या एका लेकीला, सेंगदावला, तिनं त्या गाडीच्या वाफेतच वाढवलं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मायलेकी मालिका बघायच्या. एका श्रीमंत बंगल्यातली मालकीण आणि तिच्या थपडा खाणारी गरीब मोलकरीण, अशी ती गोष्ट होती. सेंगदावचा तीत असा जीव गुंतला होता की हाक मारली तरी तिला पटकन ऐकू जायचं नाही.

पावसाळा सरता सरता तिला डेंगू झाला. आठवड्यात ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, रक्त स्वच्छ आहे, काळजी नको. पोरगी मात्र उठली नाही. डोळे उघडे, चमच्यानं भरवलं तर गिळायची, पण आईकडे बघायची नाही. हे लेकरू गेलं तर तिला दुसरं होतंच कोण?

तिनं फूमी आजोबांना बोलावलं. आजारी माणसाच्या अंगातले बत्तीस प्राण भरकटतात, त्यांना हाका घालून घरी आणायचं काम त्यांचं. झेंडूच्या मनोऱ्याखाली उकडलेलं अंडं आणि चिकट भात मांडला. आजोबांनी रानाला हाक घातली, शेताला घातली, नदीला, वारुळाला घातली. मग अंडं सोललं. पांढऱ्यात बोट जाईल एवढा खळगा. म्हणजे प्राण आला नव्हता. तरी त्यांनी पोरीच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. जेवणवेळेला तो चटईवर पडलेला होता. गाठ तशीच होती.

त्याच दुपारी, ऐन मालिकेच्या वेळेला वीज गेली. टीव्ही काळा झाला आणि अंथरुणावर सेंगदाव बोलायला लागली. हळू, सपाट आवाजात, पलीकडच्या बोलीत. मध्ये थांबायची, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी, मग पुन्हा बोलायची. बुआवानच्या जिवात जीव आला. पोरीला वाचा तर फुटली!

दुसऱ्या दिवशी मालिकेच्या सुरुवातीला कालचा भाग थोडक्यात दाखवला. बुआवाननं तो ऐकला आणि वळून अंथरुणाकडे बघितलं. तेच शब्द होते. मोलकरणीचे. सेंगदाव फक्त मोलकरणीचेच शब्द बोलली होती.

ती तशीच आजोबांकडे धावली. "आजोबा, ती टीव्हीत आहे."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी तोंडातली सुपारी थुंकली. "मला रान ठाऊक, नदी ठाऊक," ते म्हणाले. "त्या जागेला हाक कशी घालायची, मला कुणी शिकवलं नाही. आणि तूही घालू नकोस, पोरी. आईनं हाक मारायची ती आपल्याच बोलीत."

पण आपली बोली तिथं कुणाला कळणार? बुआवाननं मनाशी ठरवलं आणि दुसऱ्या दुपारी टीव्हीसमोरच अंड्याभाताचं ताट मांडलं. मोलकरीण पडद्यावर येताच ती पुढं सरकली.

पलीकडच्या बोलीत हाक मारायची खरी, पण ती बोली ती शिकली होती मालिकेतून. त्या बंगल्यात कुठल्या आईनं कुठल्या लेकीला कधी बोलावलंच नव्हतं. तिथं हाक मारायची ती फक्त मालकीण. बुआवानच्या तोंडी तेच शब्द आले, तोच सूर आला. दुसरे तिच्याकडे नव्हतेच.

"अगं ए, कुठं मेलीस? ये इकडे लवकर!"

पडद्यावरची मोलकरीण वळली. दारातून बाहेर गेली. मालकीण रिकाम्या जागेशी बोलत राहिली.

बुआवाननं अंडं सोललं. गुळगुळीत, भरलेलं. तिनं लेकीच्या मनगटाला दोरा बांधला. घट्ट बसला.

सेंगदाव उठून बसली.

बुआवान रडली, हसली. तिनं भाताची टोपली पुढं ओढली. "जेव, माझे बाई, जेव."

मुलगी अंथरुणावरून उतरली. गुडघ्यांवर सरकत भिंतीपाशी गेली आणि मान खाली घालून बसली.

"आधी आपण जेवावं, बाईसाहेब," ती पलीकडच्या बोलीत म्हणाली.

"अगं, मी आई तुझी."

"होय, बाईसाहेब."

तिच्या तोंडावरून फिरवायला बुआवाननं हात उचलला.

मुलीनं डोळे मिटले आणि गाल पुढं केला.