घंटागाडीतली बाई हळू बोलते

"इकडे लक्ष द्या, दादा."

शगुफ्ता भोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून एवढंच म्हणाली. काउंटरमागचा तरुण वर न बघताच उठला, कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा उचलला आणि थेट तिच्यापुढे आणून धरला.

ती डब्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे.

"हे काय?"

"सवय…" त्याचे कान लाल झाले. डबा मात्र तसाच पुढे. "म्हणजे, रोज सकाळी… 'ओला वेगळा, सुका वेगळा, इकडे लक्ष द्या' — त्या तुम्हीच ना?"

त्या तीच. भोरच्या घंटागाडीत वाजणारा आवाज सारोळ्याच्या शगुफ्ताचा. तिचे अब्बा, जलीलभाई, टेम्पोवर भोंगा लावून जाहिराती फिरवायचे. डोळ्यांचं शिबिर असो, शंभराला चार किलो कांदे असोत, नाहीतर भोंगवलीच्या कुणाची हरवलेली शेळी असो — बोलायची शगुफ्ता. तालुक्याला तिचा आवाज पाठ होता. चेहरा कुणालाच ठाऊक नव्हता.

"असा चेहरा असेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"कसा वाटला होता?"

"पन्नाशीचा. रागीट. हातात खराटा."

ती हसली. हसली ती भोंग्याशिवाय, तरी समोरच्या रसवंतीवाल्यानं मान वळवलीच.

*

*(भोंगा. पूर्ण आवाजात.)*
*सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते की, सारोळ्याच्या एका मुलीला पुस्तकं वाचायला मिळणार आहेत हो! अट एकच — मागं घरघर नको!*

पिशवीतून तिनं आपला कॉम्प्युटर काढला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याएवढा.

पुण्याची एक कंपनी पुस्तकं आवाजात काढायची. तिनं पाठवलेला नमुना त्यांनी परत पाठवला होता. आवाज चांगला, पण मागे गिरणी चालू असल्यासारखं वाटतं. शनिवारपर्यंत स्वच्छ नमुना द्या, नाहीतर दुसरीला काम देतो. आणि नाही मिळालं तर? तर शिरवळच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं, हे अब्बांनी बोलून ठेवलं होतं. पॅकिंगला ती नाही म्हणाली नसती. पण आजवर ती नुसतं 'त्वरा करा, त्वरा करा' म्हणत आली होती. एकदा तरी तिला सावकाश काहीतरी सांगायचं होतं.

मोहसीननं — दुकानाच्या पाटीवर नाव होतं — मशीन चालू केलं आणि कान लावला.

"प्रोसेसर तापतोय. त्याच्यावरचा हा पंखा चिमुकला, म्हणून जीव तोडून पळतोय. ह्याच्यासोबत फुकट आलेला दिसतोय. बाहेरचा चांगला कूलर बसवू. मोठा पंखा, सावकाश फिरणारा. आवाजच नाही."

"एवढ्याशा डब्यात मावेल?"

"माझ्यावर सोडा," तो म्हणाला. मग तिनं चहा घेतला, त्यानं रसवंतीवाल्याला 'ह्याच त्या' म्हणून सांगितलं. एसटीची वेळ झाली तशी ती मशीन घेऊन निघाली, कारण संध्याकाळी वेल्ह्याच्या बाजाराची जाहिरात भरायची होती.

आत जागा किती, हे मोजायचं राहूनच गेलं.

रात्रीच्या आत त्याचा फोन. "प्रोसेसरपासून झाकणापर्यंत किती अंतर आहे, जरा मोजता?"

तिनं फुप्पीच्या, म्हणजे आत्याच्या, शिवणकामाच्या पेटीतली टेप घेतली. "पाच सेंटिमीटर."

"पुन्हा सांगा."

"पाच सेंटिमीटर."

"हो, पण… पुन्हा एकदा."

"आवाज येत नाही का?"

"येतोय," मोहसीन म्हणाला. "चांगला येतोय."

*

*(भोंगा. जरा कमी.)*
*गुरुवार रोजी भोरहून पाहुणा येत आहे. महिला वर्गानं ओढणी दोनदा बदलू नये.*

गुरुवारी तो जे घेऊन आला, ते खोक्यातून बाहेर निघालं आणि फुप्पीनं हातातला पावटा खाली ठेवला.

अजीजुन्निसा फुप्पी. अब्बांची थोरली बहीण. खोलीच्या उंबऱ्यात बसून ती पावटा सोलत होती, म्हणजे तसं दाखवत होती.

"ह्यो कूलर? आन पाणी कुठनं भरायचं?"

"ह्यात पाणी नसतं, फुप्पी. हे मशीनच्या आत."

"आत?" फुप्पीनं त्या चकचकीत पत्र्याच्या चळतीकडे बघितलं, मग डब्याकडे. "मुंडकं भाईर ऱ्हातंय की ह्याचं."

राहत होतंच. चांगलं तीन-चार बोटं वर. झाकण लागण्याची काही सोय नव्हती. मोहसीननं कूलर आडवा करून बघितला, तिरका करून बघितला, आणि मग कपाळाचा घाम पुसला.

"दोनदा सांगितलं होतं मी," शगुफ्ता म्हणाली.

"दोनदा ऐकलं."

"मग?"

"आवाज ऐकला. आकडा नाही."

उंबऱ्यात पावट्याची एक शेंग नको तेवढ्या जोरात फुटली.

"झाकण उघडंच ठिवा," फुप्पी म्हणाली.

"नको, पाली शिरतात. अन् आवाज आणखी वाढेल." मोहसीन उठला. "उद्या पुण्याला जाऊन बुटका घेऊन येतो. मुदत शनिवारपर्यंत आहे ना? नाही जाऊ देणार शनिवार."

"नक्की, मोहसीनभाई?"

तो दारातच थबकला. "एक विनंती आहे. भाई नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"नुसतं 'इकडे लक्ष द्या' म्हणा. येतो."

*

*(भोंगा नाही. नुसता माईक.)*
*शनिवार. सकाळ. बुटका आला.*

हा खरंच बुटका होता. भाकरीसारखा चपटा, वर रुंद पंखा.

"आधी मशीन गरम करू," मोहसीन म्हणाला.

"गार करायला आलात ना?"

"जुन्या कूलरखाली पेस्ट असते. ती वाळून चिकटते. थंड असताना ओढला तर प्रोसेसर उपटून हातात येईल. गरम झाला की मऊ पडते. मग नुसता असा… डावीकडे, उजवीकडे… हळू."

"तुज्या फुप्पासारखं," उंबऱ्यातून आवाज आला. "गरम चहा पाजल्याबिगर जागचा हालायचा न्हाई."

जुना पंखा निघाला. त्याच्या फटींत धूळ घोंगडीसारखी बसली होती. मोहसीननं स्पिरिटनं प्रोसेसर पुसला, आरसा पुसावा तसा, आणि मधोमध मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. मग त्यानं कूलर उचलला—

"इकडे लक्ष द्या!" शगुफ्ता ओरडली. "खालचं प्लास्टिक!"

कूलरच्या तळाला पातळ प्लास्टिक तसंच चिकटलेलं होतं. ते ठेवून बसवला असता तर सगळा खटाटोप मातीत. त्यानं ते सोललं आणि बराच वेळ हातातच धरून बसला.

"रोज किती बसवता तुम्ही असे?"

"रोज. विसरलो आजच."

"लक्ष कुठं होतं?"

"तुम्हीच सांगता ना सारखं. इकडे."

मदरबोर्डच्या मागे एक धातूची पट्टी लावायची होती; स्क्रू त्या पट्टीत बसत. हे एका माणसाचं काम नव्हे. बोर्ड उभा केला. मागच्या बाजूनं तिनं पट्टी बोटांनी दाबून धरली, पुढच्या बाजूनं तो. मधे तो हिरवा पडदा. तिला त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं. त्याला तिची बोटं.

"एकच स्क्रू आवळत नेला तर कूलर तिरका बसतो," पडद्यापलीकडून तो म्हणाला. "थोडा हा… मग थोडा त्याच्या समोरचा. परत हा…"

प्रत्येक फेरा तिच्या बोटाला कळत होता. बारीक. थांबून थांबून.

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"कळतंय."

पेचकस एकदा घसरला. फुप्पी खाकरली.

*

*( … )*

मोहसीननं झाकण लावलं. लागलं! बटण दाबलं.

काहीच नाही.

"बंद पडलं?" शगुफ्ता घाबरली.

त्यानं जाळीतून बोट दाखवलं. आत पंखा फिरत होता, सावकाश, पाळण्यासारखा. दिसत होता. ऐकू येत नव्हता. आवाज अडवायला भिंतींना गोधड्या टांगलेल्या, हायवे गोधड्यांपलीकडे. आणि ह्या इवल्या खोलीत कधी नव्हती इतकी शांतता. इतकी, की उंबऱ्यातल्या शेंगा ढोल वाजावेत तशा वाजू लागल्या. फुप्पीला शेंगा खाली ठेवाव्या लागल्या.

शगुफ्तानं कंपनीचा उतारा समोर धरला, माईक चालू केला, आणि वाचलं —

"नदीपलीकडे दिवा लागला की मला कळायचं, तू घरी पोचलास!"

मोहसीननं खाली मान घातली. खांदे हलत होते.

"हसताय?"

"नाही… फक्त… नदीपलीकडे दिवा लागला आहे, तरी सर्वांनी त्याचा लाभ घ्यावा… असं वाटलं."

तिनं पुन्हा वाचलं. पुन्हा कांदे विकले. तिसऱ्यांदा शेळी हरवली. आजवर घरघरीला बोल लावत होती. आता घरघर गेली आणि जे उरलं ते तिचं स्वतःचं होतं. तिचे डोळे भरून आले. शनिवार अर्धा सरला होता.

"आख्ख्या तालुक्याला सांगायची सवय आहे मला," ती म्हणाली. "हळू बोलताच येत नाही."

"तालुका राहू द्या. एकाला सांगा."

"कुणाला?"

त्यानं स्टूल ओढलं आणि माईकच्या पलीकडे बसला. हातभर अंतरावर. "हलणार नाही. श्वास पण जपून घेतो."

तिनं कागदाकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"नदीपलीकडे दिवा लागला की… मला कळायचं, तू घरी पोचलास."

ह्यावेळी दिवा लागला.

ती वाचत गेली. उतारा संपला तेव्हा तिलाच कळलं नाही. कागद संपला होता, माईक चालू होता, तो समोर होता — आणि त्याच आवाजात, न थांबता, ती पुढे म्हणाली, "तू समोर बसलास, की मला मोठ्यानं बोलावंच लागत नाही."

बटण बंद.

मोहसीननं अडवून धरलेला श्वास सोडला. "लिहिणारा भारी आहे. शेवटचं वाक्य तर… काय लिहिलंय!"

शगुफ्तानं कागद पटकन उलटा ठेवला. "आवडलं?"

"मला कुणी असं म्हटलं ना, तर मी इथून उठणारच नाही."

"कूलर बसला," ती म्हणाली. गाल तापले होते. "उठा आता."

तो गेला. तिला ते वाक्य कापायचं होतं. पण तेवढ्यात अब्बा टेम्पो घेऊन आले, त्यांना गुंजवण्याच्या शिबिराची जाहिरात आत्ताच्या आत्ता हवी होती, आणि इकडे नमुन्याची मुदत संपत आली होती. धांदलीत तिनं नमुना पाठवला.

आणि पाठवल्यावर तोंडावर हात घेतला.

*

*(कुजबुज.)*
*मंगळवार. तो पुन्हा आलाय.*

"तापमान बघायला आलो," मोहसीन म्हणाला.

"मशीनला ताप आलाय व्हय?" फुप्पी म्हणाली. "का दुसऱ्या कुणाला?"

तो मशीनसमोर बसला. शगुफ्ता शेजारी उभी. तीन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं. भलतंच वाक्य घुसडणाऱ्या मुलीला कोण पुस्तकं देणार? आणि मोबाईल वाजला. पुण्याचा नंबर. घाईघाईत तिनं उचलला, तो स्पीकरवर गेला.

"शगुफ्ता? मी अश्विनी, कंपनीतून. आवाज पसंत आहे आम्हाला. फार पसंत."

फुप्पीनं 'या अल्ला' म्हणून छातीला हात लावला.

"फक्त एक तक्रार आहे. शेवटचं वाक्य आमच्या पुस्तकात नाही हो. मी दोनदा शोधलं. 'तू समोर बसलास की' — हे कुठून आलं?"

आख्ख्या तालुक्याचा आवाज त्या खोलीत उभा होता. ओढणीत तोंड लपवून.

मोहसीन हळूहळू वळला. आधी फोनकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग ज्या स्टुलावर तो त्या दिवशी बसला होता, त्या स्टुलाकडे. त्याचे कान लाल झाले, मग मान, मग सगळाच.

"हॅलो? वाक्य सुंदर आहे, पण ठेवता येणार नाही ना…"

मोहसीन फोनवर वाकला. "काढा, मॅडम. पुस्तकातून काढा ते. माझं आहे."

पलीकडे अश्विनीबाई खुदकन हसल्या. "असं होय! बरं, मग सोमवारपासून सुरुवात करायची ना?"

"हो," दोघं एकदम म्हणाले.

"तुला कुणी इचारलं रं?" फुप्पी म्हणाली.

"न्हाई इचारलं, फुप्पी," मोहसीन म्हणाला. "वाट बघतोय."

शगुफ्तानं फोन ठेवला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग त्याच्या कानाशी झुकून तिनं विचारलं — इतकं हळू, की शेंगा सोडून कान देऊन बसलेल्या फुप्पीलाही एक अक्षर ऐकू आलं नाही.

उत्तर मात्र गोधड्या, हायवे, नीरा नदीवरचा पूल सगळं ओलांडून पलीकडच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांनीसुद्धा ऐकलं.

"हो!"