मुठीतला फ्यूज

सन १९५७. एप्रिलातली दुपार, तीनचा सुमार. पिंपरीच्या कारखान्याच्या चाळीत, आमच्या शालनआत्याच्या खोलीत हे घडलं. पदरचं एक अक्षर नाही.

चाळीत वीज येऊन जेमतेम महिना झाला होता. आत्याच्या भिंतीवरच्या लाकडी बोर्डातून आठ दिवस आवाज येत होता.

गुंऽऽऽ...

दिवा बंद केला तरी.

चाळीचे वायरमन सोपानराव आले. त्यांची एक रीत होती. आधी फ्यूज काढायचा आणि घरच्या बाईच्या मुठीत द्यायचा, म्हणजे काम चालू असताना कुणी तो चुकून बसवणार नाही.

"वहिनी, आता माझा जीव तुमच्या मुठीत. नवऱ्यानं मागितला तरी द्यायचा न्हाई."

"आन् तुमी च्या मागितला तर?"

"तो दुसऱ्या हातानं द्या की!"

दोघंही हसले.

पण फ्यूज काढूनही आवाज थांबला नाही... वाढला.

सोपानरावांनी बोर्ड उघडला. डाव्या हातात तारा धरल्या. पेचकसाचं टोक लाकडाला टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि ऐकत राहिले.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनी... करंट न्हाई. मग आत हे काय...?"

तेवढ्यात आत्याच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं...

"वहिनी, द्या फ्यूज."

सोपानरावांचाच आवाज. पण ते तर समोर होते. ओठ मिटलेले.

आत्यानं मूठ आवळली. थंडगार काहीतरी तिच्या बोटांवर चढलं.

कडाड. करंगळी मोडली.

कडाड. शेजारचं बोट.

तिसरं मोडलं तेव्हा ती किंचाळली. मूठ रिकामी होती.

बोर्डावर खट्ट झालं, फ्यूज बसल्यासारखं.

सोपानराव ताठ झाले. दातांखाली जिभेचा तुकडा पडला. मांस जळाल्याचा वास सुटला. आत्याचे यजमान ज्योतीराम अंगणातून धावत आले, पाट उचलून त्यांनी सोपानरावांच्या हातावर घाव घातले. हाड मोडलं तेव्हा तारा सुटल्या.

जीव आधीच गेला होता.

गुणगुण थांबली होती.

"फ्यूज का दिलास?" ज्योतीरामांनी एवढंच विचारलं. मग मरेपर्यंत, तब्बल चोवीस वर्षं, तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. सोपानरावांची बायको अंबुबाई पोरांना घेऊन माहेरी गेली. आत्यानं पाठवलेलं लुगडं तिनं चुलीत घातलं.

"म्या दिला न्हाई," आत्या जन्मभर सांगत राहिली. आम्ही मान डोलवायचो; बोटं त्या धावपळीत कुठंतरी आपटून मोडली असतील, असं मनात म्हणायचो.

जायच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं...

"दिला असंन का गं म्या?"