माळवदावरचा आवाज

"मार! अरं मार की, वाट कुणाची बघायलास?"

घराच्या मातीच्या गच्चीवर, माळवदाच्या कठड्यावर ओणवी होऊन चन्नबसम्मा ओरडत होती. समोर पूर्णा जंक्शनचं रेल्वेचं मैदान, मैदानावर रेल्वेवाले आणि नांदेडवाले, आणि त्यांच्या पायांत एकच चेंडू. मागे बाजेवर तिचे वडील ईश्वरअप्पा बसलेले. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. तेलाचं दुकान धाकट्या भावाच्या हाती सोपवलं, बाजाराला जाणं सुटलं, पण फुटबॉल काही सुटला नाही. सामन्याच्या दिवशी ते माळवदावर येऊन बसत आणि लेकीच्या तोंडून खेळ बघत.

"उजवीकडून घेऊन चाललाय, आप्पा… एकाला चुकवलं… दुसऱ्याला… आता मधी टाकला… हां! हां! गेला! गोलाबाहेर गेला मेला!"

"कुणाचा पाय हुता?"

"त्या लंबूचा. त्याला गोल सोडून सगळं दिसतं!"

खालच्या गल्लीतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. चन्नानं दचकून खाली बघितलं. बोळाच्या तोंडाशी एक तरुण उभा होता. काखेत पत्र्याचा कर्णा, डोक्यावर काळी टोपी, आणि चेहरा असा की जणू मिठाईच्या दुकानापुढं थांबलाय.

"थांबलाव कामून? सांगा की पुढं," तो म्हणाला.

"तुमी कोण?"

"तंबूवाला. बसवंत. सिनेमाचा तंबू ठोकलाय नदीकडच्या माळावर. पडद्यावर चित्रं हालतात आणि मी शेजारी उभं राहून खेळ सांगतो."

हैदराबादेत तेव्हा बोलपट सुरू झाले होते म्हणे. पण पूर्णेसारख्या गावांत पडदा अजून मुकाच येत होता.

चन्नाच्या कपाळावर आठी चढली. "खेळ बघायचा असतो. सांगायचा कशाला?"

"मग तुमी कामून सांगायलाव?"

"आमच्या आप्पाला दिसत न्हाई."

 टोपी जराशी मागे सारून तो म्हणाला, "आमच्या पडद्याला बोलता येत न्हाई."

एवढं बोलून तो कर्णा तोंडाला लावून पुढं निघून गेला. आणि मैदानात मोठा गलका उठला तेव्हा चन्नाला समजलं की एक आख्खा गोल तिच्या डोळ्यांदेखत होऊन गेला, आणि तिनं तो बघितलाच नाही!

"कुणी मारला गं?" आप्पांनी विचारलं.

"…विचारून सांगते," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पाच म्हणाले, "चला, त्या सांगणाऱ्याचा खेळ ऐकू."

तंबूत मधोमध कनात होती. अलीकडं पुरुष, पलीकडं बाया. आई सिद्धम्माच्या शेजारी चन्ना पोत्यावर बसली. दिवे मालवले, यंत्राची कटकट सुरू झाली आणि पडद्यावर एक घोडा उधळत आला. त्याच वेळी अंधारातून तो आवाज उठला. गल्लीतला तो हसरा आवाज हा नव्हताच. राजा आला की तो जड व्हायचा, दासी आली की लाडीगोडी लावायचा, घोडा दौडला की त्याला धाप लागायची. बाया तोंडाला पदर लावून रडत होत्या. कनातीपलीकडून आप्पांचं "वा! वा!" ऐकू येत होतं.

चन्नाचे डोळे मात्र पडद्यावर खिळले होते. शेवटी राजानं टाकलेली ती बाई नदीत उतरली. पाणी कमरेला आलं, गळ्याला आलं, मग नुसतं पाणीच उरलं. खेळ संपला.

आणि आवाज म्हणाला, "पोहत पोहत ती पैलतीराला लागली. तिथं तिचा भाऊ वाट बघत उभा होता…"

तंबू टाळ्यांनी दणाणला. चन्ना नुसती बघत राहिली. पैलतीर? भाऊ? कुठंय भाऊ?

पुढच्या सामन्याला तो परत बोळाच्या तोंडाशी हजर! तिनं वरूनच तोंड सोडलं, "ओ तंबूवाले! ती बाई बुडाली हुती!"

"हळू बोला की, गिऱ्हाईक तोडाल माझं."

"बुडाली का न्हाई?"

"बुडाली," तो कबूल झाला. "पण मानवतच्या मुक्कामाला पहिल्यांदा मी खरं सांगितलं, तर बाया जेवल्याबिगर झोपल्या म्हणे. मला घास उतरंना. दुसऱ्या दिवशी मीच तिला बाहेर काढली."

चन्नाला हसूही आलं आणि रागही. तेवढ्यात मागून आप्पांनी हाक दिली, "कोण हाय रे? खालून कशाला बोलतोस? वर ये."

बसवंत वर आला. "शरणार्थ अप्पा," म्हणून वाकला. हा वीरशैवांचा नमस्कार ऐकताच आप्पांनी चौकशी आरंभली. कुठले, कुणाचे? राणीसावरगावचे, वीरशैवच, थोरल्या भावाची शेती. सगळं मनासारखं निघालं, फक्त एक गोष्ट सोडून. आप्पा म्हणाले, "पण बाबा, तंबू उठला की तूबी उठणार."

"व्हय," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला.

त्यानंतर सामना असला की बाजेच्या एका अंगाला चन्ना आणि दुसऱ्या अंगाला तो, असा रिवाजच पडला. मध्ये आप्पा. दोघं भांडायचे ते आप्पांच्या डोक्यावरून.

"तुमच्या राजाची तलवार शेवटच्या घडीला कामून निघती?" चन्ना विचारायची. "आधी काढली असती तर निम्मी माणसं वाचली असती. आमचा गडी एवढा उशीर लावील तर लोक मैदानात शिरून मारतील त्याला."

"आणि तुमचा तो गोलकीपर?" तो विचारायचा. "सगळे मिळून खेळतात, त्यालाच एकटा टाकलाय कोपऱ्यात. काय गुन्हा केला त्यानं?"

"गुन्हा कसला! सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर असतो."

"असं व्हय…" तो बराच वेळ गोलकीपरकडंच बघत राहायचा. "म्हणजे ज्याच्यावर भरवसा असतो, त्यानं जागा सोडायची न्हाई."

असं काही बोलून तो तिच्याकडं बघायचा. मग चन्नाला मैदानाकडं बोट दाखवून खेळ सांगायची फार घाई व्हायची. इंजिनाचा धूर वाऱ्यानं माळवदावर यायचा, जिनिंग कारखान्यातला कापूस उडून केसांत अडकायचा. एकदा त्यानं नुसत्या खुणेनं सांगितलं — इथं, कानाच्या वर. तिनं हात नेला तो चुकीच्या जागी. परत खूण… परत चूक. तिसऱ्यांदा तो हसला आणि तिला उमगलं, कापूस केव्हाच उडून गेला होता.

तंबूत ती परत दोनदा जाऊन आली. तेच चित्र, पण दर वेळी त्याचं सांगणं वेगळं. हा माणूस उद्या काय सांगेल, याचं कुतूहल तिला झोपू देईना. हा एवढी माणसं पोटात घेऊन फिरतो कसा? आणि तो स्वतः बोलतो तेव्हा कुणाच्या आवाजात बोलतो?

*

मग एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या.

पहिली त्यानंच आणली. "मालकानं बोलतं यंत्र घेतलंय. पुढच्या मुक्कामापासून पडदाच बोलणार."

"मग तुमी?"

"मी गप्प बसणार," तो हसायला गेला, पण जमलं नाही. "परभणीच्या मोंढ्यात एका आडत्याला कापसाचा लिलाव पुकारायला, हर्रास बोलायला, दमदार गळ्याचा माणूस पाहिजे म्हणतात. न्हाईतर भावाकडं जाऊन औत धरीन."

"परभणी काय, लांब न्हाई," चन्ना बोलून गेली, आणि मग कठड्यावरची माती नखानं उकरत बसली.

दुसरी बातमी आईनं दिली. जिंतूरचे व्यापारी, व्यंकटराव, आपल्या पुतण्यासाठी मुलगी बघायला येणार होते. आणि नेमके सिकंदराबादचा संघ पूर्णेत खेळणार होता त्याच दिवशी!

त्या दुपारी चन्नानं आप्पांपाशी हळूच विषय काढला. "आप्पा, बसवंतराव कसे वाटतात तुमाला?"

आप्पांनी पायावरची धाबळी सारखी केली. "माणूस गोड हाय. पण बुडालेली बाई काठाला काढतो, हे तूच सांगितलंस की मला. ज्याला दिसत न्हाई त्यानं अशाच्या भरवशावर पोरगी कशी द्यावी?"

चन्नाला आपली जीभ चावावीशी वाटली.

सामन्याच्या दिवशी आईनं बजावलं, "आज माळवदावर पाय ठेवायचा न्हाई. पावण्यांनी तुझी आरडाओरड ऐकली तर चहा न पिता उठतील." म्हणून पावण्यांची बोलणी आईवर सोपवून आप्पा माळवदावर बसले, आणि त्यांना खेळ सांगायला बसवंतला बोलावलं. खाली ओसरीवर व्यंकटराव, त्यांचा पुतण्या आणि एक आत्याबाई बसल्या. माजघरात चन्ना नऊवारी सावरत उभी, आणि कान माळवदाकडं.

"काय सांगू अप्पा!" वरून आवाज आला. "वाऱ्यासारखा सुटलाय गडी! कपाळावर घाम, डोळ्यांत अंगार…"

"डोळे राहू दे, चेंडू कुठंय ते सांग!" आप्पा खेकसले.

"चेंडू… पायात हाय की. मधी एक आडवा आला… त्याच्या हाताला लागला…"

"हाताला?"

"व्हय. पण तो काही ओशाळला न्हाई."

चन्नानं हातातलं पोह्यांचं ताट खाली ठेवलं. व्यंकटराव विचारत होते, "मुलीला शिवणकाम येतं का?"

आणि माजघरातून चन्नबसम्मा कडाडली, "हाताला लागला तर शिट्टी वाजली का बघा! गोलापुढं अडवला असला तर पेनल्टी हाय पेनल्टी!"

ओसरीवर सगळे गार झाले. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. वरून बसवंतचा आवाज आला, "वाजली! शिट्टी वाजली!"

"मग मारणारा कोण हाय? लंबू असला तर आप्पाला सांगा, आशा धरू नका!"

पुतण्याला हसू आवरेना, पण व्यंकटरावांनी उपरणं झटकलं. "मुलगी हुशार हाय," ते सिद्धम्माला म्हणाले, "पण आमच्या घरात एवढी जागा न्हाई." आणि मंडळी उठली. बिचाऱ्या आईनं खांबाला टेकून चन्नाकडं असं बघितलं, की तिनं मानच खाली घातली.

वर मात्र अजून खेळ चाललाच होता. मग मैदानावरून सिकंदराबादवाल्यांचीच आरोळी आली.  आता हा काय सांगणार? आप्पा किती दिवसांपासून या विजयाची वाट बघत होते. त्यानं नुसतं "जिंकलो" म्हटलं असतं, तर आजची रात्र तरी आप्पांनी सुखानं काढली असती. आणि सकाळी सगळं गाव त्यांना खरं सांगून गेलं असतं.

"काय झालं रे?" आप्पांनी विचारलं.

"…हरलो, अप्पा. लंबूनं गोलकीपरच्या हातात दिला, आणि त्यांनी शेवटाला एक घातला."

*

चहाचे पेले घेऊन ती वर गेली, तेव्हा ऊन कलत आलं होतं. 

"हरलो हे कामून सांगितलंस?" आप्पा म्हणाले. "रंगवायला तुला कुणी अडवलं हुतं?"

"तंबूतल्या माणसाला ठावं असतं अप्पा, की हा खेळ हाय. तुमी मला डोळे म्हणून बसवलं हुतं. डोळ्यानं खोटं बोलून कसं चालंल?" तो थांबला. "आणि… अजून एक खरं हाय…"

"बोल की."

तो बोलेना. राजाच्या, दासीच्या, घोड्याच्या आवाजात बोलणारा तो माणूस, आणि त्याला स्वतःचा आवाज सापडेना!

"चन्ना, हा गप्प कामून झाला? काय करायलाय?"

"टोपी… हातात घेतलीय, आप्पा."

"मग?"

"खाली बघायलेत."

"आणि आता?"

"आता… माझ्याकडं बघायलेत."

"आणि तू?"

 आप्पांनी विचारलं, आणि सगळं समोर असूनही चन्नाला पहिल्यांदाच सांगता आलं नाही.

आप्पांनी हात पुढं केला, चाचपत बसवंतचा खांदा शोधला आणि त्यावर थोपटलं. "मोंढ्यातलं काम धर," ते म्हणाले. "तुझ्या भावाला मी निरोप धाडतो."

*

लग्न उन्हाळ्यात झालं. मोंढ्यात बसवंतच्या हर्रासाला गर्दी लोटू लागली; नुसतं ऐकायला येणारेही होतेच. आणि एका रविवारी परभणीत बोलपटाचा तंबू लागला, तेव्हा दोघं मोठ्या हौसेनं गेले. चन्ना बायांच्या बाजूला, तो पुरुषांच्या.

पडद्यावरची माणसं खरोखरच बोलत होती. दार वाजत होतं, पाऊस वाजत होता, बाई गात होती. खेळ सुटला तेव्हा बसवंत बाहेर कंदिलाखाली उभा राहून तिची वाट बघत होता. हात मागे बांधलेले, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"कसा वाटला?" त्यानं विचारलं.

"गाणी लय गोड हुती."

"हूं."

"पाऊस तर असा, की मी पदर डोक्यावर घेतला."

"हूं… म्हणजे आवडला."

ती त्याच्या बरोबरीनं चालू लागली. बरंच अंतर गेल्यावर, टांगे, माणसं, भज्यांची कढई मागे पडल्यावर तिनं हळूच त्याच्या बाहीचं टोक धरलं.

"सगळे बोलत हुते हो," ती म्हणाली. "पण तुमी सांगत नसलाव तर… मला नीट दिसत न्हाई."

बसवंत थांबला. त्यानं टोपी मागे सारली, आणि रस्ता चुकून भलत्याच बोळात शिरला. चन्नाला वाट माहीत होती. तरी ती त्याच्यामागून बोळात शिरली.