ऑर्फियसची चेष्टा

पार्क स्ट्रीटमागच्या एका लिलावघरात, फुटक्या झुंबरांच्या दाटीत, आभा आणि अजेय एकाच चित्रापुढे थबकले. तांब्यावर कोरून छापलेले, डागाळलेले जुने चित्र: पाताळातून पत्नीला परत आणणारा ऑर्फियस ऐन उंबरठ्यावर मागे वळलेला, आणि त्या एका नजरेपायी धुक्यात विरत चाललेली युरिडिसी.

"मागे पाहू नकोस, एवढीच तर अट होती," आभा स्वतःशी पुटपुटली.

"पण ती हाक का मारत नाही?" शेजारून मराठीतच प्रश्न आला.

आभा पुण्याहून येऊन इथे ग्रीक वाङ्मय शिकवीत होती. तरी हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. मग चित्र तिने घेतले, ओझे त्याने.

अजेय इथल्याच बेहाला या उपनगरात वाढलेला. त्याची मराठी घरापुरती, तीही बंगालीत भिजलेली. बंगाल्यांसारखा तो पाणी 'खायचा'. ती हसे, म्हणून पुढे मुद्दाम चहाही खाऊ लागला. त्या चुकांची वाट पाहण्यात तिचे सारे पांडित्य विरघळत गेले.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी, गंगेच्या घाटावर, त्याने तिचा हात हाती घेतला... सोडला... पुन्हा घेतला.

"अजेय, काय चाललंय हे?"

"चेष्टा करतोय," तो ओशाळून हसला. "कितीतरी दिवस..."

दोन प्राचीन भाषा कोळून प्यालेल्या विदुषीला एवढे वाक्य पुरले. ती उठली आणि चालू लागली. मागून हाक आली, एकदाच. तिने वळून पाहिले नाही. त्याचे फोनही घेतले नाहीत. अट कशी पाळावी, हे ऑर्फियसने तिच्याकडून शिकावे!

पुढच्या पावसाळ्यात चित्रावरचा डाग पसरला. संग्रहालयात जुनी चित्रे दुरुस्त करणाऱ्या सुनीती सेन यांनी कागद उजेडात धरला. "जाईल का?" आभाने विचारले.

"चेष्टा कोरबो," त्या म्हणाल्या. प्रयत्न करीन.

आभा खुर्चीवर बसली. प्रयत्नाला बंगालीत चेष्टा म्हणतात, हे या शहरात तिने रोज ऐकले होते. फक्त एका माणसाच्या तोंडून तो शब्द तिने मराठी समजून ऐकला होता.

तिने फोन लावला.

"तुला 'प्रयत्न' म्हणायचं होतं ना, त्या दिवशी?"



"हो. तो शब्द मला आत्ता कुठे सापडला." आणि मग, हळूच, "अनुजा शिकवते... सातारची आहे."

अनुजा कोण, हे विचारण्याइतकी आभा अडाणी नव्हती.

"म्हणजे पाणी आता—"

"पितो," अजेय म्हणाला.